सणक गेली, पण गाल अजून माझा वाटत नाही

ताई,
माझं वय ४९. भांडुपला राहते, दादरच्या एका शाळेत गणित शिकवते. तीन वर्षं उजव्या गालात सणक यायची. दात घासताना, चहाचा घोट घेताना, कधी नुसता पंख्याचा वारा लागला तरी. आधी दाताचं दुखणं समजून दोन दाढा काढून झाल्या, सणक होती तिथेच. मग न्यूरॉलॉजिस्टनी ट्रायजेमिनल न्युराल्जिया असल्याचं सांगितलं. गोळ्यांवर दोन वर्षं काढली. पुढे त्या पुरेनात, आणि डोस वाढवला की तोल जायचा. पाच आठवड्यांपूर्वी कानामागून ऑपरेशन झालं. पीएफचे पैसे काढले त्यासाठी. सणक गेली. पण गाल बधिर आहे, संध्याकाळी त्यात आग होते, मुंग्या येतात. टाक्यांच्या जागी ठणकतं, त्या कुशीवर झोपता येत नाही. घरचे म्हणतात, ऑपरेशन झालं ना, आता काय? ब्रश हातात घेतला की अजून हात थरथरतो. ऑपरेशन फुकट गेलं का? सणक नाही तर गोळ्या बंद करू का? तीन आठवड्यांनी गणपती. देवगडजवळ गावी सासूबाई वाट बघताहेत, नाही म्हणायची सोय नाही. सुट्टी संपली की शाळा. रात्री रडू येतं, ते कुणाला सांगितलेलं नाही.
– एक वाचक, भांडुप

नमस्कार बाई,

ऑपरेशन फुकट गेलेलं नाही. सणक गेली हे तुम्हीच लिहिलंय, आणि ऑपरेशन त्या सणकेसाठीच होतं. आता जे होतंय ते दुसरं काही आहे. खरं तर तुमच्या पत्रात मला तीन निराळी दुखणी दिसतात. तिघांची कारणं निराळी, उपायही निराळे. ती सगळी 'दुखतंय' या एकाच खात्यावर मांडली की घरच्यांना वाटतं जुनंच परत आलं, आणि ऐकून ऐकून तुम्हालाही तसं वाटायला लागतं. म्हणून आधी ती सुटी करू. (मी समुपदेशक आहे. दुखण्यासोबत जगणाऱ्या माणसांशी बोलणं हे माझं काम. गोळीचा डोस ठरवायचा अधिकार तुमच्या डॉक्टरांचा, तिथे मी शिरणार नाही.)

घरी समजावून सांगता यावं म्हणून आजाराबद्दल थोडं. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी ही पाचवी नस, तिचंच नाव ट्रायजेमिनल. तिला तीन फांद्या: एक कपाळ आणि डोळ्याकडे, दुसरी गाल आणि वरच्या दातांकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. दाताचं दुखणं समजून दाढा काढल्या जातात त्या यामुळेच. या आजारात दाढ गमावून बसलेल्या तुम्ही एकट्या नाही, तेव्हा त्या दोन दाढांसाठी स्वतःला दोष देणं सोडा. ही नस मेंदूत शिरते तिथे बऱ्याचदा एखादी रक्तवाहिनी तिला टेकून असते, बहुतेक वेळा लहान मेंदूकडे जाणारी एक धमनी. प्रत्येक ठोक्याला ती नसेवर आपटते, वर्षानुवर्षांत नसेवरचं आवरण झिजतं, आणि मग साधा वारा लागल्याचा निरोपही मेंदूला विजेच्या झटक्यासारखा पोचतो. अमेरिकेतले सर्जन वॉल्टर डँडी यांनी १९३० च्या दशकातच हा रक्तवाहिनीचा दाब पाहून नोंदवला होता. १९६० च्या दशकात ऑपरेशनसाठी मायक्रोस्कोप हाताशी आल्यावर पीटर जॅनेटा यांनी नस न कापता रक्तवाहिनीच बाजूला करायची पद्धत पुढे आणली. तुमच्या डिस्चार्ज कार्डवर 'एमव्हीडी' (मायक्रोव्हॅस्क्युलर डीकॉम्प्रेशन) असं लिहिलं असेल तर ती हीच. नस आणि रक्तवाहिनी यांच्यामध्ये आता टेफ्लॉनचा छोटासा बोळा आहे. तो तिथेच राहणार. तो काढायचा नसतो आणि शिंकल्याने सरकतही नाही. हे मुद्दाम लिहिलं, कारण पेशंट ही भीती मनात ठेवतात आणि विचारायला लाजतात.

याचा निकाल कसा असतो तेही ऐका. १९९६ साली पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी, त्यात जॅनेटाही होते, हजाराहून जास्त रुग्णांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा छापला. दहा वर्षांनंतर सुमारे ७० टक्के लोकांना गोळी न घेताही वेदना नव्हती. म्हणजे काहींना ती पुन्हा आली. दोन्ही बाजू सांगते, कारण 'आता कधीच काही होणार नाही' असं म्हणून घरी पाठवलेला माणूस पहिल्या चमकेलाच कोसळतो. तुमच्या बाबतीत आज तरी गणित तुमच्या बाजूने आहे.

आता पहिलं दुखणं, गालाची आग आणि बधिरपणा. ऑपरेशनमध्ये नसेला हात लागतो, ती चिडते, थोडी सुजते. पाच आठवडे म्हणजे नसेच्या हिशेबात फार नाहीत. ती सावकाश सावरते, आठवड्यांनी नाही तर महिन्यांनी. बहुतेकांचा बधिरपणा कमी होत जातो, काहींचा थोडा राहतो. संध्याकाळी आग वाढते याचा अर्थ काही बिघडलं असा घेऊ नका. दिवसभराच्या थकव्यानंतर कुठलंही नसेचं दुखणं जास्त जाणवतं. मात्र ही आग क्रोसिन किंवा ब्रुफेनने जात नाही, आणि 'कशानेच जात नाही' म्हणून लोक सोसत बसतात. नसेच्या आगीची औषधं वेगळी असतात: अमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन, प्रेगाबालिन. तुम्हाला द्यायची का, आणि आधीच्या गोळीबरोबर चालतील का, हे डॉक्टर ठरवतील. पण ते ठरवणार कधी? तुम्ही 'आग होते' असं सांगाल तेव्हा. ओपीडीत 'बरंय, थोडं दुखतं' म्हणून उठू नका.

बधिर गालाची काळजीही घ्यायला हवी. चहाचा घोट आधी डाव्या बाजूने घेऊन बघा, उजव्या बाजूला पोळलेलं कळणार नाही. जेवताना गाल आतून चावला जातो आणि पत्ताही लागत नाही, तर रात्री टॉर्चच्या उजेडात आरशात बघायची सवय लावा. दोन दाढा नाहीत म्हणजे तिथे गाल आत ओढला जायची शक्यता जास्तच. डोळ्याभोवतीही बधिरपणा असेल तर डोळा लाल दिसतो का, तेही बघा, दुखत नसलं तरी. बुबुळाला इजा झाली आणि ती कळली नाही, असं होऊ शकतं. लाल दिसला तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी. ओठावर पुरळ उठलं असेल तर तेही या ऑपरेशननंतर काहींना होतं, तो जुना विषाणू जागा झालेला असतो. डॉक्टरांना दाखवा, एवढंच.

दुसरं दुखणं, टाक्यांजवळचा ठणका. याचा चेहऱ्याच्या नसेशी संबंध नाही. कानामागचे स्नायू कापून पुन्हा शिवलेत, तिथून डोक्याकडे जाणारी छोटी नसही दुखावलेली असते. मान आखडते, डोकं जड होतं. याला साधी वेदनाशामक गोळी लागू पडते, पण कोणती आणि किती दिवस, हे विचारून. उशी पातळ ठेवा, डाव्या कुशीवर झोपताना उजव्या हाताखाली दुमडलेली चादर घ्या म्हणजे मान ओढली जात नाही. फिजिओथेरपिस्टकडून मानेचे हलके व्यायाम शिकून घ्या. तेल लावून मान चोळून देणारी शेजारीण प्रत्येक मजल्यावर असते. तिला प्रेमाने चहा पाजा आणि मानेला हात लावू देऊ नका.

तिसऱ्यावर थोडं थांबते. ब्रश उचलल्यावर हात थरथरतो, त्याला तुम्ही दुखणं म्हटलेलं नाही. मी म्हणते. तीन वर्षं ब्रश म्हणजे वीज, हे शरीराने शिकून घेतलंय. सर्जनने रक्तवाहिनी बाजूला केली, पण शरीराला ते अजून कुणी सांगितलेलं नाही. त्यामुळे ब्रश दिसला की खांदे वर जातात, जबडा घट्ट होतो, श्वास अडतो. आवळलेला जबडा खरंच दुखतो, आणि ते दुखणं म्हणजे सणक परत आली असं वाटून भीती आणखी वाढते. हे नुसतं 'मन घट्ट करा' म्हणून सुटत नाही. तसं सांगणाऱ्या माणसाच्या गालात एकदा तरी ती वीज शिरायला हवी होती, असं मला कधी कधी वाटतं.

हे हळूहळू सुटतं. लहान मुलांचा मऊ ब्रश आणा. पहिले काही दिवस पेस्ट नको, कोमट पाण्यात बुडवून फक्त डावी बाजू, मग समोरचे दात, मग उजवीकडचा एकच दात. दिवसातली तुमची सर्वांत बरी वेळ निवडा, सकाळच्या घाईची नको. ब्रश तोंडात जाण्याआधी एकदा सावकाश, पूर्ण श्वास बाहेर सोडा, कारण श्वास सोडताना जबडा आपोआप सैल पडतो. एखाद्या दिवशी नाही जमलं तर आदल्या दिवसाच्या पायरीवर उतरा. उजव्या बाजूने चावायची मात्र घाई नाही. बधिरपणा उतरेपर्यंत गाल चावला जाण्याचा धोका खरा आहे.

आणि एक बंद करा: तपासणं. दिवसातून दहादा गालावर बोट दाबून 'येते का बघू' हा खेळ बरेच जण खेळतात, तुम्हीही खेळत असाल. त्याने गाल शांत होत नाही. त्यापेक्षा वही घाला. रोज एक ओळ: आज सणक, आग, ठणका यांतलं काय होतं, किती वेळ, कशानंतर, दहापैकी किती. तीन रकाने करायला गणिताच्या बाईंना शिकवायला नको. तो कागद पुढच्या तपासणीला सर्जनच्या हातात द्या. पाच मिनिटांच्या ओपीडीत त्यांना तुमच्या दहा वाक्यांपेक्षा त्या रकान्यांमधून जास्त कळेल.

गोळ्या. नाही, स्वतःहून बंद करायच्या नाहीत. तुमची गोळी बहुधा कार्बामाझेपिन किंवा ऑक्सकार्बाझेपिन असेल. ती एकदम थांबवली तर सणक उसळू शकते, आणि ही फिट्सवरचीही औषधं असल्याने अचानक बंद केल्यावर फिट येण्याचा धोकाही सांगितला जातो. डॉक्टर ती टप्प्याटप्प्याने उतरवतात, तेच बरं. तोल जायचा असं लिहिलंय, ते या गोळीने होतं. कधी रक्तातलं सोडियम उतरल्यानेही गळून जायला होतं, गोंधळल्यासारखं वाटतं. सोडियमची तपासणी शेवटची कधी झाली, हे विचारून घ्या. या गोळ्या चालू असताना यंदा हरतालिकेचा निर्जळी उपास नको. सासूबाईंना वाईट वाटेल तर वाटू दे. फळांचंही एक: ग्रेपफ्रूटने कार्बामाझेपिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं, आणि आपलं पपनस त्याच्याच कुळातलं. गणपतीत कोकणात ते घरोघरी असतं. डॉक्टरांना विचारेपर्यंत त्याला नमस्कार करा, खाऊ नका.

काही गोष्टींसाठी मात्र पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. नाकातून किंवा जखमेतून पाण्यासारखं पातळ काही गळत असेल, विशेषतः वाकल्यावर, किंवा घशात खारट उतरत असेल, तर ती सर्दी समजू नका. मेंदूभोवतीचं पाणी झिरपत असू शकतं. ताप येऊन मान ताठ होणं, जखम लाल होऊन सुजणं, त्या बाजूचं ऐकू येणं अचानक कमी होणं, तोंड एका बाजूला ओढलं जाणं, खूप झोप येऊन भान हरपणं, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी ऑपरेशन झालेल्या हॉस्पिटलात. रात्र असेल तर रात्री.

घरच्यांबद्दल. 'ऑपरेशन झालं ना, आता काय?' हे वाक्य बहुतेकदा दुष्टपणाने येत नाही. त्यांनीही तीन वर्षं तुम्हाला गाल धरून बसलेलं पाहिलंय, त्यांना हे संपलेलं हवंय. त्यांना वर्णन ऐकवू नका, वाक्य द्या: 'जुनी सणक गेली. आता नस भरून येतेय, त्याची आग आहे. तिला काही महिने लागतील.' तेवढंच, आणि दर वेळी तेच. पुढच्या तपासणीला नवऱ्याला सोबत न्या आणि हे सर्जनच्या तोंडून त्यांना ऐकू द्या. बायकोने सांगितलेलं दुखणं आणि डॉक्टरने सांगितलेलं दुखणं यांत फरक पडतो, हे पटत नसलं तरी खरं आहे. पीएफचा विषय निघाला तर तोही टाळू नका. पैसे गेले म्हणून बरं वाटलंच पाहिजे, असं ओझं तुम्ही स्वतःवर घेतलेलं दिसतं.

रात्रीच्या रडण्याचं तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंत. ते डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. लांबलेल्या वेदनेनंतर मन खचणं नेहमीचं आहे, त्यावर उपचार होतात, आणि झोप सुधारली की वेदनाही थोडी खाली येते. मानसिक आरोग्यासाठीच्या 'टेली मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. आणि जगणं नको असा विचार एकदा जरी मनात आला, तर फोन लावा आणि त्याच रात्री घरातल्या कुणाला तरी उठवून सांगा. हा आजार इतका क्रूर आहे की भल्याभल्यांच्या मनात असं येऊन जातं. त्यात शरमेचं काही नाही.

गणपती. तोवर तुम्हाला आठ आठवडे झालेले असतील. सर्जन हो म्हणाले तर जाऊ शकाल, पण माझी एक अट आहे: पाहुणी म्हणून जायचं. सून म्हणून जायचं असेल तर यंदा मुंबईत राहा. कोकणातल्या गणपतीच्या घरातली सून पहाटे उठते, वाकून सारवते, चुलीच्या धगीपाशी उभी राहते, पंगती वाढते आणि उरलं तर जेवते. तुमच्या मानेला, गालाला आणि गोळ्यांच्या वेळांना त्यातलं काहीच झेपणार नाही. सासूबाईंना नवऱ्याने फोन करायचा, तुम्ही नाही: 'ती येतेय, पण डॉक्टरांनी वाकायला, जड उचलायला मनाई केलीय, मोदकांना वहिनी बसतील.' मुंबई-गोवा हायवेवरच्या रात्रभराच्या बसचे धक्के टाळा. कणकवलीपर्यंत रेल्वेने, खालचा बर्थ मिळाला तर उत्तम, खिडकीचा वारा नको. विमानाने जायचं मनात असेल तर सर्जनना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. गोळ्या मुक्कामापेक्षा चार दिवस जास्तीच्या घ्या आणि डिस्चार्ज कार्डचा फोटो फोनमध्ये ठेवा. गावी मेंदूचे सर्जन हाकेच्या अंतरावर नसतात. आरतीला झांजांपासून लांब बसा. तिकीट नाहीच मिळालं, तर ते देवाचं बोलावणं नव्हतं असं म्हणायला मोकळ्या.

राहिली शाळा. सुट्टी संपल्यावर पहिल्याच सोमवारी आठ तासिका आणि सकाळची स्लो लोकल, असं करू नका. शाळा सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात एकदा दुपारच्या रिकाम्या गाडीने दादरपर्यंत जाऊन या. महिला डब्यात दारापासून लांब, पंख्याखाली न येणारी जागा शोधा, गालावर मऊ सुती ओढणी. गर्दीत उजव्या बाजूला भिंत येईल असं उभं राहा, म्हणजे कुणाचं कोपर तिकडे लागणार नाही. पहिले काही आठवडे अर्धा दिवस मिळतो का बघा. त्यासाठी सर्जनकडून नुसतं 'फिट' असं प्रमाणपत्र घेऊ नका. हलकं काम, कमी तासिका, असं स्पष्ट लिहून घ्या. बोलून बोलून जबडा दमतो, तेव्हा कमरेला लावायचा छोटा माईक शाळेकडे मागा, आणि तासाच्या उत्तरार्धात मुलांना फळ्यावर उदाहरणं सोडवायला लावा. मुख्याध्यापकांना हे आत्ताच कळवा. सुट्टीनंतर वेळापत्रक हलवायचं म्हणजे त्यांनाही दहा जणांना विचारावं लागतं.